संत्र्याच्या सालीचा अर्क आणि साखर : बाबांनी गोळ्या बंद केल्यात, माहिती हवी

वरुडची_लेक | २४ ऑक्टोबर, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बाबा ६७ वर्षांचे. वरुड तालुक्यात आमची सहा एकर संत्र्याची बाग आहे. अकरा वर्षांपासून मधुमेह. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू होत्या, शिवाय रात्री कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन. जूनमध्ये एचबीए१सी (म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ७.४ होतं.

दिवाळीला घरी आले तर फडताळात गोळ्यांच्या डब्याशेजारी एक बाटली दिसली. 'सिट्रस बायोफ्लेवोनॉइड अर्क'. सोबतच्या पत्रकावर लिहिलंय, साखर मुळापासून नियंत्रणात. गावात माहिती द्यायला कोणी आलं होतं, त्यांच्याकडून घेतली. महिन्याला १,४५० रुपये. बाबांनी दसऱ्यापासून मधुमेहाच्या दोन्ही गोळ्या बंद केल्यात आणि हा अर्क चालू आहे. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

मी रागावले तर म्हणाले, "पोरी, आपल्याच संत्र्याच्या सालीतलं हाय हे. जल्मभर फेकून देल्ली साल, त्यातच औषध निघालं." इतक्या आनंदानं म्हणाले की मला पुढे बोलवेना. बागेनं गेल्या काही वर्षांत त्यांना फार छळलंय, आणि त्याच बागेतून काही चांगलं निघतंय याचं त्यांना खरोखर अप्रूप आहे.

काल भाऊबीजेला सकाळी उपाशीपोटी मशीनवर २१४ आली.

यात काही तथ्य आहे का? असेल तर किती? त्यांना समजावायला मला नीट माहिती हवी. "हे सगळं खोटं आहे" एवढंच म्हटलं तर ते ऐकणार नाहीत.

---

शुभांगी_सांगली | २४ ऑक्टोबर, रात्री १०:३१

ताई, अर्काचं नंतर बघू. उद्या सकाळी पहिला फोन डॉक्टरांना. तीन आठवडे गोळ्या बंद आहेत आणि उपाशीपोटी २१४ आहे हे स्पष्ट सांगा. गोळ्या कोणत्या डोसने पुन्हा सुरू करायच्या ते त्यांनाच ठरवू द्या. तहान फार लागणं, रात्री लघवीला वारंवार उठणं, उलट्या, गुंगी यातलं काही असेल तर सकाळचीही वाट पाहू नका.

---

वरुडची_लेक | २४ ऑक्टोबर, रात्री १०:४०

तहान आहे, बाकी काही नाही. उद्या करते फोन. धन्यवाद ताई.

---

खलबत्ता | २५ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. विषय माझ्या आवडीचा आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबेल.

तुमचे बाबा म्हणतात त्यात अर्धं खरं आहे आणि ते अर्धं खरोखर सुंदर आहे. संत्र्याच्या सालीखालचा जो पांढरा मऊ थर असतो, त्यातून १८२८ साली लेब्रेटन नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एक स्फटिकरूप पदार्थ वेगळा केला. तेच हेस्पेरिडिन, फ्लेवोनॉइड नावाच्या वनस्पतीद्रव्यांच्या कुळातलं. पुढे १९३६ मध्ये हंगेरीत सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबाच्या रसातून असेच पदार्थ काढले आणि त्यांना 'व्हिटॅमिन पी' म्हटलं. ते जीवनसत्त्व नाही हे नंतर ठरलं आणि नाव मागे पडलं. पण हे पदार्थ औषधाच्या दुकानात आजही आहेत. मूळव्याधीवर किंवा पायांच्या फुगलेल्या शिरांवर डायोस्मिन आणि हेस्पेरिडिनची गोळी देतात, ती याच कुळातली. म्हणजे सालीतून औषध निघतं हे खोटं नाही.

आता साखरेचं. २००४ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी जनुकीय दोषामुळे मधुमेह होणाऱ्या उंदरांना खाण्यातून हेस्पेरिडिन आणि नॅरिंजिन (ग्रेपफ्रूटमधलं तसंच द्रव्य) दिलं. उंदरांची साखर उतरली. यकृत रक्तात नवी साखर सोडतं ते काम मंदावलं आणि आलेली साखर वापरायचं काम वाढलं. २००९ मध्ये कॅनडात उंदरांवरच नॅरिंजेनिनचा, म्हणजे साखर सुटलेल्या नॅरिंजिनचा, प्रयोग झाला. चरबीयुक्त आहार देऊनही त्या उंदरांचं वजन आणि इन्सुलिनचा बिघाड आटोक्यात राहिला. पत्रकांवर जे "संशोधनाने सिद्ध" छापलेलं असतं, ते पुष्कळदा इथून येतं.

अडचण आपल्या पोटात आहे. हेस्पेरिडिनला साखरेचे दोन रेणू चिकटलेले असतात आणि आपल्या लहान आतड्याला ते तोडता येत नाहीत. ते तसंच खाली मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते तोडतात, आणि मग पाचसहा तासांनी थोडंसं रक्तात पोचतं. कुणाच्या आतड्यात ते जिवाणू भरपूर, कुणाच्या जेमतेम. म्हणून एकच कॅप्सूल दोन माणसांना दिली तर रक्तातलं प्रमाण कितीतरी वेगळं येतं.

माणसांवरचा एक प्रयोग मात्र मी मनापासून चांगला मानते. ब्राझीलमध्ये झाला, २०१९ साली प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या १०३ जणांचे चार गट केले. तीन गटांना लिंबाचा फ्लेवोनॉइड अर्क रोज २००, ४०० किंवा ८०० मिग्रॅ, चौथ्याला औषध नसलेली तशीच दिसणारी कॅप्सूल. बारा आठवडे. कोणाला काय मिळतंय हे देणाऱ्यालाही माहीत नव्हतं. अर्क घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर सरासरी ५ टक्के उतरली, एचबीए१सी २ टक्के उतरलं, आणि जेवणानंतर आतड्यातून पाझरणारं जीएलपी-१ नावाचं संप्रेरक १५ टक्के वाढलं. डोस चौपट करूनही गुण वाढला नाही.

ते "२ टक्के" नीट वाचा, घोळ तिथेच होतो. एचबीए१सी मुळातच टक्क्यांत मोजतात. ६.१ असेल तर त्याचे दोन टक्के म्हणजे ०.१२. म्हणजे ६.१ चं साधारण ६.० झालं. "२ टक्के घट" ऐकून माणसाला वाटतं ८ चं ६ झालं! मेटफॉर्मिनने साधारण एक पूर्ण अंक, कधी जास्तच, उतरतो. आणि प्रयोगातल्या लोकांना मधुमेह झालेला नव्हता. तुमचे बाबा अकरा वर्षांचे मधुमेही आहेत.

---

आंबिया_बहार | २५ ऑक्टोबर, सकाळी ९:२२

खलबत्ता ताई, २ टक्क्यांचं आज कळलं. एवढे दिवस मीही तसंच समजत होतो.

मी काटोलचा, माझीही बाग संत्र्याचीच. वरुडच्या ताईंच्या बाबांचं दुःख आणि आनंद दोन्ही समजतो. एक विचारायचं होतं. हेस्पेरिडिन कोवळ्या फळात जास्त असतं असं ऐकलंय. खरं का? कारण आमच्याकडे पावसाळ्यात जी फळगळ होते ती बघवत नाही. सकाळी झाडाखाली हिरव्या फळांचा सडा. ती वेचून खड्ड्यात पुरावी लागतात, नाहीतर रोग पसरतो. मजुरी त्यालाही लागते.

---

खलबत्ता | २५ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

अगदी खरं. सगळ्यात जास्त हेस्पेरिडिन कोवळ्या, गळलेल्या हिरव्या फळात असतं. फळ मोठं होतं तसं वजनाच्या मानाने ते कमी होत जातं. व्यापारी प्रमाणावर अर्क काढणारे मुद्दाम वाळवलेली कोवळी फळंच घेतात. चिनी वैद्यकातही लिंबूवर्गीय झाडांची कोवळी फळं आणि जुनी मुरवलेली साल ही वेगवेगळी औषधं मानतात.

म्हणजे बाटलीत तुमच्या गळलेल्या फळांसारखंच काही असण्याची शक्यता जास्त, खाऊन टाकलेल्या सालीपेक्षा. तुम्ही जे खड्ड्यात पुरता ते कुठेतरी किलोवर विकलं जातंय. यावर वेगळा धागा व्हायला हवा.

---

निसर्गाची_वाट | २५ ऑक्टोबर, दुपारी १:१०

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. माझ्या सासूबाई गेली दहा वर्षं संत्र्याची साल सावलीत वाळवून, दळून, सकाळी कोमट पाण्यात घेतात. साखर व्यवस्थित आहे. चरकसंहितेत मातुलुंग, म्हणजे आपलं महाळुंग, औषध म्हणून आहेच. कारखान्यात बनलेली गोळी चालते आणि देवाने दिलेली साल चालत नाही, हा हट्ट मला पटत नाही.

---

खलबत्ता | २५ ऑक्टोबर, दुपारी २:०५

तुमच्या सासूबाईंची साखर छान आहे हे वाचून बरं वाटलं. त्या चालतात का, गोळ्या घेतात का, जेवणात काय असतं, हे कळल्याशिवाय श्रेय सालीला देता येत नाही, इतकंच म्हणेन.

पण "कारखान्यातली गोळी" याबद्दल सांगायलाच हवं. मेटफॉर्मिनचं मूळ एका वनस्पतीतच आहे. युरोपात गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाचं जांभळट फुलांचं एक झुडूप असतं. त्यातल्या गॅलेजिनने साखर उतरते हे कळलं, पण ते विषारी होतं. त्याच्या धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेल्या पदार्थांपैकी मेटफॉर्मिन १९२२ मध्ये तयार झालं आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ स्टर्न यांनी ते मधुमेहींवर वापरून दाखवलं. झुडपाने दिलेलं ठेवलं, विष काढून टाकलं. संत्र्याच्या सालीवर आज जे काम चाललंय ते त्याच वाटेवरचं आहे, फक्त मेटफॉर्मिन जिथे पोचलं तिथून पुष्कळ मागे. बाबांना हे सांगा ताई. त्यांची गोळीही झाडाचीच लेक आहे.

---

वरुडची_लेक | २५ ऑक्टोबर, दुपारी ४:५०

शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. बाबा काही बोलले नाहीत, पण चष्मा लावून फोन हातात घेतला आणि पूर्ण प्रतिसाद वाचला.

डॉक्टरांशी बोलणं झालं. मेटफॉर्मिन आजपासूनच सुरू करायला सांगितलंय, ग्लिमेपिराइडचं तपासून ठरवू म्हणाले. सोमवारी एचबीए१सी आणि किडनीची तपासणी.

---

पाटाची_वाडी | २५ ऑक्टोबर, रात्री ८:१५

खलबत्ता, लिंबाच्या रसाचं काय? मी रोज जेवणात लिंबू पिळतो. फ्रान्समध्ये पावाबरोबर लिंबू देऊन प्रयोग झाला होता असं वाचलं होतं.

---

खलबत्ता | २५ ऑक्टोबर, रात्री ९:००

हो, २०२१ मध्ये आला तो. दहा निरोगी माणसं. पावाबरोबर एकदा पाणी, एकदा काळा चहा, एकदा लिंबाचा रस. लिंबाच्या वेळी साखरेचा सर्वोच्च बिंदू सरासरी ३० टक्के खाली राहिला आणि ३५ मिनिटांहून जास्त उशिरा आला. चहाने काहीच फरक पडला नाही. यात फ्लेवोनॉइडचा संबंध नाही, काम आंबटपणाचं आहे. लाळेतलं जे पाचकद्रव्य पिठूळ पदार्थाची साखर करायला घेतं, ते आम्लात लगेच थांबतं.

पण तो पेलाभर रस होता, पोह्यांवरची फोड नव्हे. आणि माणसं निरोगी होती. रोज पेलाभर लिंबूरस प्यायलात तर दातांवरचं कवच झिजेल. जेवणात पिळता ते पिळत राहा, चवीला चांगलंच आहे आणि मीठही कमी लागतं. औषध म्हणून त्यावर विसंबू नका.

---

माटोळी | २६ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

ताई, तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. बाबा अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन घेतात आणि बाटलीवर नुसतं 'सिट्रस' लिहिलंय. कोणतं सिट्रस?

मी फोंड्याची. चवथीला आमच्याकडे माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीला, तोरंजन बांधतात, म्हणजे तुमचं पपनस. विसर्जनानंतर ते सोलून मीठ-साखर लावून घरभर खातात. दोन वर्षांपूर्वी आईच्या डॉक्टरांनी तिला त्यावरून टोकलं. ती अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनवर आहे आणि आठवडाभर रोज तोरंजन खात होती, पाय दुखत होते. तोरंजन आणि ग्रेपफ्रूट ही जवळची नात्यातली. त्यातले काही पदार्थ आतड्यातलं औषध मोडणारं एक एन्झाइम बंद पाडतात. मग औषध मोडलं जात नाही आणि ठरल्यापेक्षा जास्त रक्तात जातं. स्टॅटिनच्या बाबतीत त्रास स्नायूंना होतो. आईने खाणं थांबवलं, दुखणं कमी झालं. त्यानेच झालं हे मी छातीठोक सांगणार नाही, पण आता तोरंजन माटोळीपुरतंच.

अवांतर, पण काळजीने सांगते : २०२३ मध्ये आयसीएमआरची देशभराची पाहणी आली, त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. आमच्याकडे घराआड एक.

---

लंडन_पण_ओंटारियोचं | २६ ऑक्टोबर, रात्री ८:४५

माटोळी ताईंनी सांगितलं त्याचा शोध आमच्या गावात लागला. मी बारा वर्षं कॅनडातल्या लंडनला राहतो. इथले डेव्हिड बेली १९८९ च्या सुमारास फेलोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीबरोबर दारू घेतली तर काय होतं ते तपासत होते. दारूची चव कळू नये म्हणून त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. रक्तातलं औषध अपेक्षेच्या कितीतरी पट निघालं, आणि दारू काढली तरी तेच. दोष रसाचा होता. त्याआधी कुणाला याची कल्पना नव्हती.

खलबत्ता ताईंनी २००९ चा नॅरिंजेनिनचा प्रयोग सांगितला, तोही याच गावच्या विद्यापीठातला. आणि फ्रेडरिक बँटिंगना ३१ ऑक्टोबर १९२० च्या रात्री इन्सुलिन वेगळं काढण्याची कल्पना सुचली ते घरही इथेच आहे. आता संग्रहालय आहे. आईबाबा भारतातून आले तेव्हा त्यांना आधी तिथे नेलं, बाबा इन्सुलिनवर आहेत. बँटिंग झोपत त्या खाटेजवळ बाबा बराच वेळ उभे होते.

---

खलबत्ता | २६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

माटोळी, शाब्बास. हे मी आधीच सांगायला हवं होतं, माझ्याकडून राहिलं. नागपुरी संत्रं किंवा मोसंबी खाल्ल्याने ही अडचण सहसा येत नाही. ग्रेपफ्रूट, पपनस आणि कडू नारिंग यांनी येते. मेटफॉर्मिनला धोका नाही, ते शरीरात मोडलंच जात नाही, जसंच्या तसं लघवीवाटे जातं. पण अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनसारखी काही स्टॅटिन, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि अवयव बदललेल्यांची काही औषधं यांना आहे.

वरुडच्या ताई, बाटलीवर फळाचं नाव, एका मात्रेत किती मिलीग्रॅम काय, हे आहे का बघा.

---

वरुडची_लेक | २६ ऑक्टोबर, रात्री १०:०५

बघितलं. "सिट्रस पील एक्स्ट्रॅक्ट" एवढंच. फळाचं नाव नाही, हेस्पेरिडिन किती ते नाही. "रोज वीस थेंब".

बाबांना विचारलं, हे आपल्या संत्र्याचं आहे असं कोणी सांगितलं? म्हणाले, बाटलीवर संत्र्याचं चित्र आहे ना.

---

जेवणाचं_ताट | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

मी आहारतज्ज्ञ आहे. अर्कावर खलबत्ता बोलल्यात, मी रसावर बोलते, कारण रोज माझ्यासमोर बसणाऱ्यांचा खरा प्रश्न तिथे आहे.

आपल्याकडे कोणी आजारी पडलं की भेटायला येणारा मोसंबी आणतो, आणि घरचे रस काढून देतात. त्यामागे प्रेम आहे, मला ते मोडायचं नाही. पण पेलाभर रसाला तीनचार मोसंब्या लागतात. चोथा फेकला, साखर तेवढी ठेवली. ती दोन मिनिटांत पोटात जाते. तेवढ्या मोसंब्या सोलून फोडी खायला बसलात तर दुसरीतच पोट भरतं. फोडींवरच्या पापुद्र्यात आणि पांढऱ्या थरात पेक्टिन असतं, ते साखर हळू सोडतं. आणि ज्या हेस्पेरिडिनवर इथे एवढी चर्चा चाललीय तेही त्याच पांढऱ्या थरात आहे. लोक नखाने खरवडून काढतात तो हाच थर.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या तीन मोठ्या पाहण्यांमधल्या १,८७,३८२ लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासली होती. आठवड्यातून तीनदा फळांचा रस घेणाऱ्यांत मधुमेह होण्याचा धोका ८ टक्के जास्त दिसला. तोच रस काढून त्याजागी अख्खी फळं धरली तर ७ टक्के कमी. संत्र्याने स्वतंत्रपणे फार फायदा दाखवला नाही हेही सांगते, तोटाही दाखवला नाही. मधुमेही माणसाने जेवणाच्या मधल्या वेळी एक मध्यम संत्रं खावं. बागायतदाराने तर नक्की खावं.

दोन अपवाद. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने किंवा इन्सुलिनने साखर ७० च्या खाली गेली, घाम फुटला, हात थरथरले, तर तेव्हा अर्धा कप रस हेच औषध. साधारण १५ ग्रॅम साखर जाते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आणि किडनी अधू असेल तर उलट, रस देऊ नका. पेलाभर संत्र्याच्या रसात साधारण ४०० मिग्रॅ पोटॅशियम असतं आणि ते साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. मोसंबीचा रस पाजून पाजून दवाखान्यात आणलेले आजोबा मी पाहिलेत. घरचे रडत होते, आम्ही तर चांगलंच देत होतो म्हणून.

---

शुभांगी_सांगली | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:१२

जेवणाचं_ताट, +१. माझ्या सासऱ्यांच्या वेळी हे कोणी सांगितलं असतं तर!

---

निसर्गाची_वाट | २७ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

पांढऱ्या थराचं पटलं. सासूबाईंना विचारलं. रोज पहाटे पाऊण तास चालतात, आणि गोळीही घेतात, मला माहीत नव्हतं. साल चालूच ठेवणार म्हणाल्या.

---

आंबिया_बहार | २७ ऑक्टोबर, दुपारी १:०५

साल घेणाऱ्यांनी एवढं बघा की ती कुठल्या बागेतली. आम्ही फवारतो. तोडणीच्या आधी किती दिवस फवारणी थांबवायची ते पाळणारे पाळतात, पण उरतं ते सालीवरच उरतं. आणि बाजारातल्या चकचकीत फळावर मेणाचा थर असतो. फोड खाणाऱ्याला त्याची चिंता नाही. साल दळून रोज चमचाभर पोटात घालणाऱ्याला आहे. आमच्या घरी साल खायची ती बांधावरच्या एका झाडाची, ज्याला आम्ही काही मारत नाही.

---

सुई_टोचणारा | २७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०

मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. वरुडच्या ताई, एक साधा प्रश्न. बाबा मशीनवर साखर तपासतात ती सकाळी कधी, आणि त्याआधी संत्र्याला हात लागतो का?

---

वरुडची_लेक | २७ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१५

लागतो! सध्या तोड चालू आहे. सकाळी सहाला बागेत जातात, गोडी आली का बघायला फळ सोलतात, चाखून थुंकतात, घरी येऊन बोट टोचतात. का?

---

सुई_टोचणारा | २७ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:५०

जपानमध्ये २०११ मध्ये हे नीट तपासलं गेलं. संत्रं, द्राक्ष, किवी सोलल्यावर हात न धुता बोट टोचलं तर आकडा खोटा वर येतो. रक्ताचा थेंब इवलासा, त्यात बोटावरची फळाची साखर मिसळते. स्पिरिटच्या बोळ्याने पाच वेळा पुसलं तरी आकडा वरच राहिला. नळाखाली हात धुतल्यावर खरा आला.

उद्या दोन वेळा तपासा. फळ सोलल्यावर एकदा, मग साबणाने धुऊन, कोरडे करून पुन्हा एकदा. एक मात्र लक्षात ठेवा, धुतल्यावर आकडा कमी आला म्हणजे गोळ्या नकोत असं नाही. मशीन त्या घडीचं सांगतं. तीन महिन्यांचं खरं एचबीए१सी सांगेल, त्याला हाताला काय लागलंय त्याच्याशी देणंघेणं नाही.

---

वरुडची_लेक | २८ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

केलं. बाबांनी ओट्यावर बसून संत्रं सोललं, बोटं पंच्याला पुसली, टोचलं : २३८. मग बोअरच्या पाण्याने साबण लावून हात धुतले, दुसरं बोट टोचलं : १८१. पाच मिनिटांचं अंतर.

बाबा दोन्ही पट्ट्या हातात धरून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "म्हंजे मंगळवारी १५० आली होती ती अर्कानं नाही? त्या दिवशी मी बागेत गेलोच नव्हतो." मंगळवारी लक्ष्मीपूजन होतं. त्या १५० वरूनच त्यांचा अर्कावरचा विश्वास पक्का झाला होता.

आणि १८१ तरी कुठे चांगली.

---

वरुडची_लेक | ३० ऑक्टोबर, रात्री ९:३०

रिपोर्ट आले. एचबीए१सी ८.२. जूनमध्ये ७.४ होतं. किडनी ठीक आहे. ग्लिमेपिराइडही सुरू झाली, आधीपेक्षा कमी डोसने. डॉक्टरांनी बाटली बघायला मागितली, लेबलचा फोटो काढून घेतला, आणि यात काय आहे ते मलाही सांगता येत नाही म्हणून थेंब थांबवा म्हणाले. बाबांनी मान डोलावली.

येताना गाडीत त्यांनी विचारलं, त्या ब्राझीलच्या लोकांना लिंबाने जो गुण आला तो खरा ना? मी हो म्हटलं. थोडाच, पण खरा. "थोडाच का होईना," म्हणाले, आणि काटोल येईपर्यंत खिडकीतून बागा बघत होते.

---

खलबत्ता | ३० ऑक्टोबर, रात्री १०:१०

बाबांना माझा नमस्कार सांगा. चेन्नईच्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांवर तीन वर्षांचा प्रयोग केला होता, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. चालणं आणि आहार यांनी मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्के घटला, मेटफॉर्मिनने २६.४. तुमच्या भावंडांत कोणी उंबरठ्यावर असेल तर त्यांना हे आवर्जून सांगा, बाबांचं वळण तुमच्यातही असू शकतं. आणि हो, संत्रं सोलताना पांढरा थर काढू नका.

---

वरुडची_लेक | ८ फेब्रुवारी, रात्री ८:५५

तीन महिन्यांनी धागा वर काढतेय. एचबीए१सी ७.३.

बाबा रोज दुपारी एक संत्रं खातात, पांढऱ्या थरासकट, आणि साखर तपासायच्या आधी हात धुतात. आकडे व्यापाऱ्याच्या कॅरेटच्या वहीतच मागच्या पानांवर लिहितात, एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात साखर. बाटली अजून फडताळात आहे, पुन्हा उघडलेली नाही.

आंबिया_बहार दादा, तुम्हाला एक विचारायचंय. मागच्या पावसाळ्यात गळलेली थोडी फळं बाबांनी पत्र्यावर वाळवून ठेवली होती, आता पोतंभर आहेत. काळी पडलेली वेचून काढलीत. अर्कासाठी अशी वाळवलेली फळं घेणारं आपल्या भागात कोणी माहीत आहे का? बाबा रोज विचारतात.